खात्री गुरुजींच्या शाळेतला रेडिओ

गुरुजींच्या शाळेत घड्याळ होतं आणि गुरुजींचा त्याच्यावर विश्वास नव्हता. घंटेची वेळ झाली की ते आधी घड्याळाकडे बघत, मग चपला घालून अंगणात जात, तिथं रोवलेल्या काठीची सावली बघत आणि परत येऊन पुन्हा घड्याळाकडे बघत. दोघांचं जमलं तर घंटा. नाही जमलं तर घड्याळाचा काटा सरकवायचा. काठी कधी कोणी हलवल्याचं मला तरी आठवत नाही. "अन् आभाळ असलं त?" मी एकदा विचारलं. गुरुजी म्हणाले, "मंग पोरायले इचारतो, भूक लागली काय. ते खोटं बोलत नाहीत."

"खात्री काय?" हा त्यांचा लाडका सवाल. कोणाची म्हैस व्याली, खात्री काय? मोटार चुकली, खात्री काय? तांड्याच्या नायकानं, म्हणजे तिथल्या प्रमुखानं, मुलीचं लगीन ठरल्याचं सांगितलं तेव्हाही गुरुजींनी हेच विचारलं होतं म्हणे. लगीन झालं, गुरुजी जेवले, हात धुतले, तरी चेहरा तसाच. म्हणून अख्खा तांडा त्यांना खात्री गुरुजी म्हणे. तोंडावर नाही, पण फार मागंही नाही.

ते मूळचे यवतमाळच्या कचेरीवाल्या घरातले. बाप कोर्टात, दोन भाऊ कोर्टात. सगळं घरच लोकांची कागदपत्रं उजेडात धरून बघणारं. ह्या एकट्यानं कोर्ट सोडून नेरच्या पुढं, सागाच्या जंगलाला लागून असलेला बंजाऱ्यांचा तांडा धरला आणि वीस वर्षं तिथंच राहिले. पण उलटतपासणीची सवय घरून आणलेली, ती काही सुटली नाही.

शाळेच्या दारावरची पाटी त्याचाच नमुना. गावाचं नाव रंगानं, शाळेचं नाव रंगानं आणि राज्याचं नाव खडूनं. आधी आपण मध्य प्रदेशात होतो. छप्पन साली मुंबईत गेलो. गुरुजींनी ओलं फडकं मारलं आणि खडूनं 'मुंबई राज्य' लिहिलं. मग महाराष्ट्र झाला. मी तिथं गेलो तेव्हा महाराष्ट्राला दीड वर्ष होऊन गेलं होतं, तरी खडूच. "गुरुजी, आता रंगवा की." तर म्हणाले, "दोनदा पुसलं हाये बाबू. थोडं थांबू."

अशा माणसाच्या शाळेत मला रेडिओ घेऊन पाठवलं होतं. मी तेव्हा नार्मल स्कूलमध्ये मास्तरकी शिकत होतो. शेवटचा महिना एखाद्या शाळेत राहून सरावाचे पाठ घ्यायचे, शेवटी परीक्षक येऊन एक पाठ बघणार आणि त्यावर पास का नापास. त्यातच आमच्या नार्मलला बॅटरीवरचा एक रेडिओ मिळाला. दुपारी शाळांसाठी कार्यक्रम लागत, ते वर्गात ऐकवून पाठ घ्यायचा, अशी नवी टूम. मी प्राचार्यांपासून शिपायापर्यंत सगळ्यांच्या नकला करायचो. प्राचार्यांना वाटलं, या पोराला आवाजाचं कळतं, यालाच द्या. नक्कल करणाऱ्याला शिक्षा करायची ही पद्धत मला तेव्हा नवीन होती. पाठ फसला तर वर्ष वाया जाणार आणि घरी वडील आधीच म्हणत होते की हा तमाशातच जाईल.

बैलगाडीतून पेटी उतरली. लिंबाच्या झाडावर एक तार बांधली, दुसरी जमिनीत गाडली. गुरुजी त्या गाडलेल्या तारेभोवती दोन चकरा मारून आले.

"जमिनीत काय सोडून राह्यला?"

"काही नाही गुरुजी. आवाज साफ येते त्यानं."

"खात्री काय?"

मी खटका फिरवला. पेटी आधी गरम झाली, मग खरखरली आणि मग एक बाई बोलू लागली. पोरं एकमेकांना ढकलत पुढं आली. "ई कांयी छ?" सकरी नावाची एक पोरगी ओरडली. हे काय आहे, असं ती आपल्या बंजाऱ्यांच्या गोरबोलीत विचारत होती. गुरुजींनी तिच्याकडे बोट केलं आणि मला विचारलं, "ईनं इचारलं. बाईनं ऐकलं काय?"

"नाही. बाई नागपूरले हाये."

"म्हणजे बोलते, पण ऐकत नाही." गुरुजी मागं सरकले. "असे साहेब पाह्यले मी. मास्तर नाही पाह्यला."

आणखी एका गोष्टीवर त्यांचं डोकं अडलं होतं, आणि आज मला वाटतं ते बरोबर अडलं होतं. गुरुजी दुसऱ्या दिवशीचा धडा आदल्या दिवशी स्वतः वाचत. पोरांना न कळणारे शब्द काढून त्यांना गोरबोलीतले जोड शोधत. वर्गात प्रत्येक गोष्ट दोनदा सांगत, आधी पोरांच्या बोलीत, मग पुस्तकाच्या. रेडिओच्या कार्यक्रमाचा छापील कागद टपालानं आला. माझ्या परीक्षेच्या दिवशी समुद्रकिनाऱ्याचा पाठ लागणार होता. गुरुजींनी कागद उलटून मागं पाहिलं. मागं काही नव्हतं.

"याच्यात नुसतं नाव हाये. बाई काय बोलणार?"

"ते त्याच दिवशी समजन."

"पुस्तकाचं उद्याचं पान मी आज पाह्यतो. याचं उद्याचं पान दाखव मले."

"रेडिओले पान नसते गुरुजी."

"मंग पोरायच्या कानात काय जाणार हे तुले मालूम नाही, मले मालूम नाही. अन् समुद्र तू पाह्यला?"

"नाही."

"मी बी नाही. त्या बाईनं तरी पाह्यला काय?"

मी "हो" म्हणालो. त्यांनी "खात्री काय?" विचारायच्या आत मीच नकाराची मान हलवली. खात्री नव्हती.

सबंध महिना ते माझ्या वर्गाच्या दारात बसून टकळीवर सूत काढायचे. तोंडानं एक शब्द नाही. पण मी काही चुकीचं बोललो की टकळी थांबे. बरोबर बोललो की फिरे. मी पोरांकडे कमी आणि टकळीकडे जास्त बघायचो. हा म्हातारा आपल्याला नापास करायचे पुरावे गोळा करतोय, असा मला पक्का संशय होता. परीक्षेच्या चार दिवस आधी जमिनीतली तार उपटलेली सापडली तेव्हा तर मी थेट त्यांच्याकडेच बघितलं. गुरुजींनी माझं बघणं बघितलं आणि शांतपणे नायकाच्या बकरीकडे बोट दाखवलं. बकरीच्या तोंडातून तारेचं टोक लोंबत होतं. "माह्यावर संशय घेतला ना?" ते म्हणाले. "चांगलं हाये. पण आधी बकरी तपासत जा."

आणि एका दुपारी नको तेच झालं. जेवणाच्या सुट्टीत मी पोरांना गुरुजींची नक्कल करून दाखवत होतो. चपला घालणं, सावली बघणं, मान तिरपी करून "खात्री काऽऽय?" पोरं लोळत होती. मग एकाएकी सगळी गप्प झाली. मागं गुरुजी उभे होते.

"पुन्हा कर," ते म्हणाले.

मी पुन्हा मान तिरपी केली. नक्कल केली. त्यांनी डोळे मिटून ऐकली.

"आवाज बराबर हाये. पण मी 'काय' एवढा लंबा करत नाही." असं म्हणून ते टकळी घेऊन दारात जाऊन बसले. त्या दिवसापासून मी 'काय' आखूड केला. नक्कल सुधारली, पण भीती वाढली.

परीक्षेचा दिवस फाल्गुनातला. जंगलात सागाची पानं वाळून गुडघाभर साचलेली. परीक्षक साहेब अमरावतीकडचे, पांढरा कोट, हातात वही. मी टाचणाप्रमाणे प्रस्तावना केली, हेतुकथन केलं, समुद्राचं चित्र लावलं आणि बरोबर वेळेला खटका फिरवला. बाई गोड आवाजात म्हणाली, "मुलांनो, आता आपण समुद्राचा आवाज ऐकू या." आणि लाटा सुरू झाल्या. आमच्या पेटीत त्या लाटा नुसत्या येईनात, खरखर आणि तडतड घेऊन येऊ लागल्या. सूंऽ... सळसळऽ... तडतडतड.

पोरं एका क्षणात ताठ झाली. "आग!" सकरी किंचाळली आणि सगळा वर्ग उठून पळाला. दारातून, खिडकीतून, जिथून जमेल तिथून. उन्हाळ्याच्या तोंडाला वाळल्या पानांतून वणवा येतो तेव्हा अगदी असाच आवाज येतो. आणि तांड्याची रीत अशी की तो आवाज कानावर आला की लहानथोर सगळ्यांनी हातातलं टाकून ओल्या फांद्या तोडायच्या आणि झोडपायला धावायचं. मला हे माहीत नव्हतं. रेडिओतल्या बाईला कुठून असणार?

मी दाराकडे पाहिलं. टकळी जमिनीवर पडली होती. गुरुजी धोतर खोचून, लिंबाची फांदी खांद्यावर टाकून, सगळ्या पोरांच्या पुढं पळत होते.

वर्गात मी, साहेब आणि बाई. बाई म्हणाली, "काय मुलांनो, आवडल्या ना लाटा?" साहेबांनी वहीत काहीतरी लिहिलं. मी खटका बंद केला. वर्ष गेलं, एवढंच डोक्यात.

थोड्या वेळानं सगळे परत आले. धापा टाकत, हातात फांद्या. धूर नाही, काही नाही. साहेब गुरुजींना म्हणाले, "पाठ चालू असताना पळून जायची पद्धत आहे का इथं?"

"हो साहेब," गुरुजी म्हणाले. "आहे."

मी हळूच त्यांच्या कानाशी गेलो. "गुरुजी, तुम्ही खात्री नाही केली?"

त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं, जणू मी जन्मात पहिल्यांदाच काहीतरी मूर्खासारखं बोललो. "आगीची खात्री करत बसलो असतो, त तांडा राह्यला असता काय?"

पाठाला अजून वेळ उरला होता. टाचणात पुढं काय होतं ते मला आठवेना. मी सकरीलाच विचारलं, तुला काय ऐकू आलं? तिनं तोंडानं आवाज काढून दाखवला. मग मी काढला. आवाज काढणं एवढंच तर मला येत होतं. आधी वणवा काढला, लांबून येणारा, वाढत जाणारा, वाढतच जाणारा. पोरांनी फांद्या घट्ट धरल्या. मग शेजारच्या घरातून सुपात ज्वारी मागवली आणि दाणे इकडून तिकडं, तिकडून इकडं घरंगळवले, सोबत तोंडानं हुंकार. लाट आली, फुटली, मागं गेली. पुन्हा आली. मी म्हटलं, आग नुसती पुढं पुढं येते, लाट येते अन् परत जाते. डोळे मिटा आणि ओळखा, कोणतं काय.

आणि मागून आवाज आला. गुरुजी माझं वाक्य गोरबोलीत सांगत होते. मी एक वाक्य बोललो की ते एक बोलत. महिनाभरात माझ्या वर्गात त्यांनी तोंड उघडलं ते त्या दिवशी. मी थांबलो की तेही थांबत. पोरं डोळे मिटून ओरडत होती, "आग!", "लाट!", आणि एकदाही चुकली नाहीत.

शेवटी सकरीनं हात वर केला. "बारके गुरुजी, समुद्रात एवढं पाणी हाये, त तिथल्या लोकायले आग विझवाले फांद्या लागत नसन?"

साहेब हसले की खोकले ते कळलं नाही. त्यांनी बरंच लिहिलं, चहा घेतला आणि जाताना एवढंच म्हणाले, "शाळेचा अभिप्राय आला की निकाल लावू." म्हणजे माझी मान पुन्हा खात्री गुरुजींच्या हातात.

दुसऱ्या दिवशी मी निघालो. पेटी गाडीत चढवली. गुरुजींनी एक लिफाफा दिला, प्राचार्यांना द्यायला. गोंदानं चिकटवलेला, आणि जोडावर आडवी सही, म्हणजे उघडला की कळावं. मी उघडणार याबद्दल त्यांना शंका नसावी. निरोप द्यायला ते गाडीशी आले. चाकं नीट बसली आहेत का ते वाकून बघितलं, बैलाचं जू ओढून बघितलं आणि "जा" म्हणाले.

नेरहून यवतमाळपर्यंत मोटारीत मी तो लिफाफा खिडकीच्या उन्हात धरून वाचायचा प्रयत्न केला. कागद आतून दुहेरी घडी केलेला. एक अक्षर दिसलं नाही. काय काय लिहिलं असेल ते सगळं मी मनातल्या मनात त्यांच्या आवाजात म्हणून पाहिलं. नक्कल करतो, वर्ग सोडून पळू देतो, बकरीआधी माणसावर संशय घेतो. एकही वाक्य माझ्या बाजूचं निघेना.

प्राचार्यांनी लिफाफा फोडला. कागद वाचला. पुन्हा वाचला. चष्मा काढून मला म्हणाले, "यात तुमची तक्रार आहे की स्तुती, मला काही समजत नाही." आणि कागद माझ्यासमोर सरकवला.

सरळ, कचेरीतल्या अक्षरात तीनच वाक्यं होती.

'सदर उमेदवारास महिनाभर तपासले. त्याच्या ताब्यात यंत्र देऊ नये. वर्ग देण्यास हरकत नाही.'