नळाचा वार आणि जोडप्यांचं बेट

समुद्राच्या मधोमध बांधलेल्या हॉटेलाची चौकशी करताना ‘तुमच्याकडं नळाला पाणी कितव्या दिवशी येतं?’ असं विचारणारा माणूस साऱ्या पृथ्वीवर एकच असेल, आणि ते म्हणजे माझे साडू. लातूरला त्यांचं साड्यांचं दुकान आहे, दुकानावर घर आहे आणि घरात जिथं जिथं जागा आहे तिथं पाणी आहे. गच्चीवर टाकी, जिन्याखाली हौद, मोरीत बॅरलं, शोकेसमध्ये भावल्यांच्या मागं बाटल्या. ज्या उन्हाळ्यात लातूरला रेल्वेनं पाणी आणावं लागलं, त्या उन्हाळ्यापासून रिकामं भांडं त्यांना बघवत नाही. पाहुण्यानं पाणी पिऊन पेला खाली ठेवला की ते बोलता बोलता तो भरून टाकतात. मी नांदेडचा, गोदावरीकाठचा. दाढी करताना नळ चालू ठेवायची मला सवय. एकदा त्यांच्याकडं तसा ठेवला, तर ते मोरीच्या दारात येऊन उभे राहिले. आपली हरवलेली साखळी परक्याच्या गळ्यात दिसावी, तसे त्या धारेकडं बघत राहिले.

त्यांच्या गल्लीत आठवड्यातून एकदा पाणी सुटतं. त्याला ते ‘नळाचा वार’ म्हणतात आणि कुठल्याही उपासाच्या वारापेक्षा कडक पाळतात. पण हा वार मोठा लहरी. कधी एक दिवस आधी येतो, कधी दोन दिवस रुसून बसतो. म्हणून घरात माणूस हवंच. शेजाऱ्याला सांगावं, तर त्या घटकेला जो तो आपापल्या पाणी ओढायच्या मोटारीला चिकटलेला. परिणाम असा, की हे नवरा-बायको वर्षानुवर्षं कुठं जोडीनं गेलेलेच नाहीत. आमच्या मुलाच्या बारशाला आक्का, म्हणजे माझ्या बायकोची थोरली बहीण, एकट्या आल्या. त्याच्या लग्नाला साडू एकटे आले. रेणापूर हाकेच्या अंतरावर, पण तिथल्या पाहुण्यांकडंही हे जोडपं हप्त्याहप्त्यानं, एका वेळी एकच, जातं. आमच्या घरच्या एकाही फोटोत दोघं शेजारी उभे नाहीत.

हे ओळखूनच त्यांच्या पुण्यात राहणाऱ्या लेकींनी डाव टाकला. लग्नाला तीस वर्षं झाली तेव्हा त्यांनी आईबापाला बेटावरच्या हॉटेलाची सहल देऊ केली. हॉटेल तुम्ही निवडा, अट एकच, ते फक्त जोडप्यांना घेणारं पाहिजे. “हप्त्यानं जायची सोय नाही, पप्पा,” थोरली म्हणाली. तेव्हापासून माझे साडू बेट निवडत होते.

त्यांची निवड बघायला आम्ही मुद्दाम रविवारी लातूरला जात असू. गिऱ्हाइकं दुकानात शंभर साड्या उलगडायला लावून एक रुमाल घेऊन जातात, त्या साऱ्याचा सूड साडूंनी ट्रॅव्हल कंपनीतल्या एका गरीब पोरीवर उगवला. ती फोटो पाठवी, साडू ते टीव्हीवर लावत आणि तिला फोन करत.

“ह्याच्यात जरा गडद निळा न्हाई का?”

“सर, तो समुद्र आहे.”

“समुद्र हाय ते दिसायलंय. दुसरा दाखवा.”

पाण्यावर उभ्या असलेल्या खोल्या, काचेची जमीन, तिच्याखाली फिरणारे मासे. आक्का पदर सावरत म्हणाल्या, “अगं बाई, खालून बघतेत की.” साडू म्हणाले, “बघू दे. मासे कुणाला सांगतेत?” गुलाबाच्या पाकळ्या पसरलेला आंघोळीचा टब बघून मात्र ते हळहळले. “एका आंघोळीला दोन बॅरल. आन् वरून फुलं टाकून नासवलं.” एका खोलीसमोर समुद्राला लागूनच खाजगी पोहण्याचा तलाव होता. त्याकडं ते बराच वेळ बघत बसले. “समुद्रात घर, घरात पुन्हा हौद. ही मानसं बी भेलेली हायेत. आपल्यासारखीच.” तिथं गोडं पाणी यंत्रावर करतात असं कळल्यावर त्यांनी विचारलं, “मशीन बंद पडलं तर?” हा प्रश्न आजवर कुणी विचारला नाही, असं ती पोरगी म्हणाली. त्या प्रशस्तीवर त्यांचा महिना गेला.

आक्कांनी पहिल्याच वर्षी गवताची रुंद टोपी आणून ठेवली होती. एकेक बेट बाद झालं की त्या म्हणत, “जाऊ द्या. तसंबी पाणी कोण भरील?” आणि नेमक्या त्या वेळी मी सुशीला, म्हणजे फोडणीचे मुरमुरे, वाढलेल्या बशीत मान खाली घालून शेंगदाणे शोधू लागे.

आता सांगूनच टाकतो. माझी पुष्कळ रजा शिल्लक होती. आठवडाभर लातूरला येऊन बसणं मला सहज जमलं असतं. पण हे दोघं गेले की माझीही बायको टोपी आणील, ही मला धास्ती. म्हणून मी गप्प राही. गप्पच राहिलो असतो तरी एक वेळ ठीक, पण साडूंचं एखादं बेट पक्कं होत आलं की मी हळूच म्हणे, “ती बेटं बुडायलीत म्हणे.” साडू लगेच टीव्ही बंद करत.

गेल्या उन्हाळ्यात एका रविवारी आम्ही गेलो, तो नेमका नळाचा वार निघाला. भर उन्हात आक्का पाइप धरून उभ्या, आणि डोक्यावर ती बेटाची टोपी. “घरात राहून किडे लागायलेत तिला,” त्या म्हणाल्या. “उन्हाला तरी आडवी येईल.”

मी चप्पलसुद्धा न काढता म्हणालो, “तुम्ही जाऊन या. पाणी मी भरतो.”

आक्कांच्या हातातला पाइप हौदाबाहेर गेला. साडूंनी आधी पाइप आत घातला, मग मला खालवर न्याहाळलं. “तुमाला मोटार लावता येती का?” पुढं माझी रीतसर शिकवणी झाली. आधी हौद, मग टाकी, मग बॅरल. आणि दाढी करायची नाही.

ते गेले, आणि नळाचा वार आला, तसाच कोरडा गेला. रोज संध्याकाळी बेटावरून फोन. “आलं का?” “न्हाई अजून.” मागं लाटांचा आवाज आणि साडूंचा सुस्कारा. फोन आक्कांनी घेतला की त्या हळूच सांगत, “खोलीतच बसून राहिलेत. खाली उतरंनात.” शेवटच्या आदल्या दिवशी साडूंनी विचारलं तेव्हा मी म्हणालो, “आलं. सगळं भरलं.” बायकोनं माझ्याकडं वळून बघितलं. पलीकडून साडू म्हणाले, “बरं मग. जरा पाण्यात उतरून येतो.”

मी टँकर बोलावला.

परत आल्यावर साडू बूट न काढता मोरीत गेले. बॅरलमधलं पेलाभर पाणी घेतलं, एक घोट तोंडात घोळवला आणि माझ्याकडं बघितलं. टँकरचं पाणी त्यांना कळणार नाही असं होईलच कसं? मी पायाकडं बघू लागलो. ते घोट गिळून आत आक्कांना ओरडून म्हणाले, “अगं, आलतं बरं का पाणी!”

आमच्या घरी आता त्या दोघांचा एक फोटो आहे. कुणा अनोळखी माणसानं काढलेला, जरा तिरका. दोघं गुडघाभर समुद्रात. टोपी वाऱ्यानं नेली म्हणून आक्का हसतायत आणि साडू त्यांचा दंड घट्ट धरून उभे आहेत, मोटार धरतात तसा.

परवा साडूंचा फोन आला. “तुमचं कोणचं बेट ठरायलंय? तुमाला तर नळाचा वारबी न्हाई.”

खरंच नाही. आमच्या दारावरून नदी जाते, तरी माझ्या बायकोचं माहेर आणि बाजार यापलीकडं मी तिला कुठं नेलेलं नाही. ट्रॅव्हल कंपनीतल्या त्या पोरीचा नंबर त्यांनी पाठवलाय. फोटो पुसताना बायको हल्ली जरा जास्त वेळ घेते. मी शेजारी बसून ते बघतो, आणि बशीत मान घालत नाही.