बोचक्यांवर बसणार नाही

खोडाळ्याच्या आमच्या शाळेत प्रमिला मुलांसाठी खिचडी शिजवते आणि मी शिकवताना त्यांची डोकी खाते. प्रमिलाचं वय चाळिशीपलीकडचं, आवाज मैदानाच्या त्या टोकापर्यंत जाणारा, आणि एकदा नाही म्हणाली की ब्रह्मदेव आला तरी नाहीच. अशा बाईला सायकलसहलीचं वेड मी लावलं. भोगायचंही मलाच होतं.

जव्हारचा गौतम दिवाळीनंतर नवख्यांसाठी डोंगरवाटांवरची तीन दिवसांची सहल काढणार होता. दोन जागा इथल्या बायकांना फुकट होत्या. मी दोघींची नावं देऊन टाकली. अट एकच. आदल्या रविवारी शाळेमागचा उतार पाय न टेकता उतरून दाखवायचा. नाही जमलं तर सामानाच्या टेम्पोतून यायचं.

"सामानासंगं मी नाय बसायची, बाई," प्रमिला म्हणाली. "शाळेत लागायच्या आधी धा वर्सं वीटभट्टीवर गेले, टेम्पोत बोचक्यांवर बसून. फिराया म्हणून कुठंच नाय गेले. आता जायचं तं बोचकं होऊन नाय जायचं."

मी नुसतंच म्हटलं, चहा टाक.

जव्हारच्या बाजारात सायकलींचं दुकान चालवणारे मंसूरचाचा गिअरच्या दोन सायकली घेऊन शिकवायला आले. आश्रमशाळेत शिकलेली सायकल प्रमिला विसरली नव्हती. सपाटीवर झकास चालवायची. उताराला लागली की मात्र नजर पुढच्या चाकाला चिकटायची आणि स्वारी थेट करवंदीच्या जाळीत.

"चाक को मत देखो, दूर बघा!" चाचा ओरडायचे.

"नाय बघितलं तं ते भलतीकडं जाईल ना!"

आठ दिवस हेच. शेवटी शेवटी तर गाव कुंपणाशी बसून तमाशा बघायला लागलं. प्रमिला चिडायची नाही, काटे झटकून सायकल पुन्हा वर ढकलत न्यायची. ते मला जास्त लागायचं.

शनिवारी सकाळी त्याच उतारावरून ती पाण्याचे दोन हंडे डोक्यावर घेऊन येत होती. एकावर एक. वाटेत दगड, मुळं, आणि ही आपली मागच्या शेळीला शिव्या घालत झपाझप खाली.

"प्रमिला, पायाकडे का बघत नाहीस गं?"

"मान वाकवली तं हंडा पडंल ना! शिकलेल्या बाई तुम्ही, आन्..." बोलता बोलता ती थांबली. मग हसत सुटली, हंडे न हलवता.

रविवारी ती हेल्मेटखाली चक्क हंड्याखालची चुंबळ घालून आली. हेल्मेट टाळूवर उभं. चाचांनी कपाळाला हात लावला, गौतमने चुंबळ काढायला लावली. "काढते," ती म्हणाली, "पन हंडा हाये असंच धरनार मी." मान ताठ, नजर उताराखालच्या आंब्याच्या झाडावर. चाक आपलं आपण मागून आल्यासारखं तिच्यासोबत उतरलं. माझे डोळे भरून आले. त्यात लपवायचं काय?

मग माझी पाळी. युक्ती मला पाठ होती. पण मी जव्हारच्या नळावर वाढलेली, माझ्या डोक्यावर हंडा कधी नव्हताच. करवंदीचे काटे चाचांनी चिमट्याने काढले.

सहल निघाली तेव्हा मी टेम्पोत बोचक्यांवर बसले होते. पुढे सायकलवर प्रमिला. पहिल्या उताराच्या तोंडाशी ती मागे न बघता ओरडली, "बाई, माझी पिशवी जपा, तिच्यात भाकरी हायेत!"