कालवडीच्या वाढीच्या गोळ्या

फुलंब्रीजवळच्या आमच्या घरी पहिली जर्सी गाय व्यायली, कालवड झाली, तेव्हा सगळ्यात जास्त मिरवलं ते मी. लग्नाला दोन वर्षं झाली होती आणि गल्लीत माझं नाव निघावं असं काही माझ्या हातून घडलं नव्हतं. चिकाचा खरवस केला, वेलदोडा घातला आणि सात घरी पोचवला. कालवडीला वाटीभर चीक पाजला. "वासराला लई चीक पचत नाय, हगवण लागती," सासूबाई म्हणाल्या. सोयीचं असलं की मी लगेच मानते, ही माझी जुनीच खोड.

चौथ्या दिवशी कालवड कान पाडून बसली. नवरा रोज शहरात कामाला जातो. त्यानं शहागंजातून वासरांच्या वाढीच्या होमिओपॅथीच्या गोळ्या आणल्या, साबुदाण्याएवढ्या. दुकानदारानं सांगितलेलं पथ्य मी पाठच केलं. गोळीला हात लावायचा नाही, आधी-नंतर अर्धा तास दूध नाही, उग्र वास जवळ नको. आमच्या गोठ्याला लागूनच कांद्याची चाळ, म्हणून कालवडीला उचलून ओसरीत आणून बांधली. झाकणात चार गोळ्या मोजून तिच्या खरखरीत जिभेवर टाकायचे. रोज सुतळीनं छातीचं माप घ्यायचे. माप वाढत नव्हतं.

"पोटच्या लेकराचंबी कुणी एवढं करत नाय," सासूबाई शेजारणीला सांगत होत्या. मला ते ऐकायला बरं वाटलं.

आठव्या दिवशी तिला पाण्यासारखी हगवण लागली. सरकारी दवाखान्यातल्या डॉक्टरबाई आल्या, सलाईन लावली. मग त्यांनी विचारलं, "पहिल्या दिवशी चीक किती पाजला होता?"

"वाटीभर."

"बाकीचा काय केला?"

मी सगळं सांगितलं. वेलदोड्याचंसुद्धा सांगितलं, का कोण जाणे.

त्या रागावल्या नाहीत. रागावल्या असत्या तर बरं झालं असतं. "गोळ्यांनी काही बिघडलं नाही," त्या म्हणाल्या. "पण पहिल्या काही तासांत पोटभर चीक लागतो. आजाराशी झगडायचं बळ त्यातूनच मिळतं. नंतर ते कुठल्या बाटलीतून देता येत नाही."

दुपारी कालवड गेली. सासूबाई पदर तोंडाला लावून रडल्या. मी ओसरी धुतली, चहा टाकला. चूक माझी आहे हे मला कळत होतं, नीट शब्दांत कळत होतं, पण आत काही हलत नव्हतं.

संध्याकाळी गाय दावणीला उभी राहून ओसरीकडे बघत हंबरत होती. मी खाली बसले, कास धुतली. जरा वेळानं तिनं पान्हा सोडला. बादली काठोकाठ भरली आणि त्या दिवशी पहिल्यांदा त्या दुधात कुणाचाच वाटा काढायचा नव्हता.