लांब वहीतलं बाईंचं पान

माझ्या दुकानात एक लांब वही होती. मालवणच्या बाजारात माझं झेरॉक्सचं आणि ऑनलाइन फॉर्म भरायचं दुकान आहे, वीसेक वर्षं झाली. त्या वहीत कितीतरी लोकांचे ईमेल आणि पासवर्ड होते. मी कुणाकडे मागितले नव्हते. लोकच म्हणायचे, "माका याद ऱ्हवणा नाय, तुज्याकडेच ऱ्हवांदे." पासवर्डसुद्धा बहुतेकदा मीच सुचवायचो. होडीचं नाव, पुढे एक-दोन-तीन. चौथीला मला शिकवलेल्या बाईंचंही त्यात एक पान होतं.

बाई देवबागच्या. यजमान वारलेले, एकुलती मुलगी लग्न होऊन पुण्याला. दर गुरुवारी एसटीने येत, बाजार करत आणि माझ्या कोपऱ्यातल्या कॉम्प्युटरवर बसत. मेल उघडून मी द्यायचो, मग त्या दोन बोटांनी मुलीला लिहीत. लिहिण्याआधी पडदा जरा भिंतीकडे वळवत. एकदा मी गमतीने विचारलं, बाई, एवढं काय गुपित? तर म्हणाल्या, "फोनार बोलला की दिराच्या पडवेत आयकाक जाता. तुज्या हया कोपऱ्यात कोण कान लावणा नाय, झिला."

त्याच सुमारास त्यांच्या वाडीपुढच्या किनाऱ्यावर पर्यटकांच्या बोटींसाठी सिमेंटचा धक्का बांधायचं ठरलं. नेमकं जिथे रापण ओढतात तिथेच. रापणीचं जाळं सगळ्या वाडीचं. दोन्ही दोरांना माणसं लागतात, आणि मासळी वाटून घेतात. धक्का झाला तर जाळं ओढायचं कुठे? हरकतीचा अर्ज बाईंनी लिहिला, कारण त्यांच्यासारखं लिहिणारं वाडीत कुणी नव्हतं. सरकारी उत्तरं यायला मेलही त्यांचाच दिला.

सुनावणीच्या आदल्या आठवड्यात एक गृहस्थ दुकानात आले. साध्या कपड्यात. आपण सरकारी माणूस, एवढंच त्यांनी सांगितलं. ओळखपत्र दाखवलं असं वाटतं, पण मी ते वाचलं नाही. ते पुस्तकी मराठीत बोलायला लागले आणि मीही बोलायला लागलो, कचेरीत गेल्यावर आम्ही बोलतो तसा. या बाईंचा मेल फक्त बघायचाय, म्हणाले, बाहेरचं कोणी त्यांना भरीला घालतंय का ते. आणि दुकानाचा परवाना नूतनीकरणाला कधी आहे, हेही सहज विचारलं.

एका झेरॉक्ससाठी माणसाला देवबागला परत पाठवणारा मी. राशनकार्डावर सही नाही म्हणून एका म्हाताऱ्याला तीनदा फिरवलंय मी. त्या दिवशी मात्र एक कागद मागितला नाही. लेखी हुकूम कुठाय, असं विचारायचं माझ्या तोंडावर आलं होतं, असं मी पुढे स्वतःला बरेच दिवस सांगत होतो. खोटं आहे ते. आलं नव्हतं. मी म्हटलं, "बघा ना साहेब, लपवण्यासारखं काय आहे?" माझं काय जात होतं? लपवायचं की नाही ते बाईंनी ठरवायचं होतं.

मी वही उघडली. त्यांना पंख्याखालची खुर्ची दिली, समोरून सोडा मागवला. अर्धा तास ते वाचत होते. सांगतील ती पानं मी छापून दिली, वर पिन मारून. सरकार लोकांवर नजर ठेवतं म्हटलं की मला मोठमोठी यंत्रं दिसायची. इथे यंत्र लागलंच नाही.

आणि हे पुढे कितीतरी महिने कुणाला सांगितलं नाही: ते गेल्यावर मेल उघडाच होता. मी तो बंद करायला बसलो आणि वाचत गेलो. मुलीला नवऱ्यापासून वेगळं व्हायचं होतं. वकील पाहिला होता, नवऱ्याला अजून पत्ता नव्हता. ते पंख्याखालचे गृहस्थ आपलं काम करत होते, असं तरी म्हणता येईल. माझं काय काम होतं?

सुनावणीला बाई हरकत वाचायला उठल्या, तेव्हा तेच गृहस्थ दाराशी होते. मी मागच्या रांगेत. पुढे येऊन त्यांनी बाईंच्या कानाशी वाकून काहीतरी म्हटलं. बाई थांबल्या, कागदाची घडी केली आणि बसल्या. हरकत कुणीच वाचली नाही.

पुढच्या गुरुवारी त्यांनी मला सांगितलं. मलाच! तो माणूस म्हणाला होता, "बाई, मुलीचं कोर्टात जायचं चाललंय, त्यात हे कशाला वाढवता?" ही गोष्ट दोघींशिवाय कुणाला माहीत नव्हती. म्हणजे मुलीनेच कुठेतरी तोंड उघडलं, असं बाईंनी धरलं. बाईंनी तिला तसं लिहिलंही. माझ्याच कोपऱ्यात बसून लिहिलं आणि मी काउंटरवर लॅमिनेशन करत होतो. मुलीचं उत्तर आलं नाही. चतुर्थीला ती आली नाही. बाईही गुरुवारच्या यायच्या बंद झाल्या.

महिने गेले.

मग जत्रा आली. देवळात ज्याचं त्याचं गाऱ्हाणं घालणं चालू होतं. मानकरी देवाला मोठ्याने सांगतो आणि सगळे हुंकार देतात. बाई नारळ घेऊन पुढे झाल्या. मानकरी म्हणाला, "हिच्या मनात जा काय आसा, ता पुरा कर रे म्हाराजा." सगळे म्हणाले, "व्हय म्हाराजा." लहानपणापासून ऐकतोय हे. त्या दिवशी पहिल्यांदा कळलं की मनात काय आहे ते देवालासुद्धा कुणी उघडून सांगत नाही. माझ्या तोंडून "व्हय" निघेना.

दुसऱ्या दिवशी सकाळी वही घेऊन देवबागला गेलो. बाई अंगणात सुकत घातलेले बांगडे उलटत, कावळे हाकलत होत्या. मी हळू आवाजात सगळं सांगितलं. वाचलं तेही. बाई कावळे हाकलायच्या थांबल्या.

मग म्हणाल्या, "तिना फोनार सतरांदा सांगल्यान, मिया कोणाक सांगूक नाय म्हणान. आणि मिया तिका खोटी म्हटलंय."

"बाई, माफ करा."

"माजी माफी मगे. आदी तिका सांग. वाचलंस ता पण सांग." मी फोन काढला तसा त्यांनी माझा हात धरला, दिराच्या पडवीकडे पाहिलं. "हयसर नको. दर्यार जा. मिया येनय नाय, ता तुमचा दोघांचा."

वहीतलं आपलं पान त्यांनी फाडून घेतलं आणि वही परत दिली. बाकीच्यांची पानं कशी परत करायची, ते माझं मी बघायचं होतं.

धक्क्यासाठी मारलेल्या खुंट्यांपाशी उभा राहून नंबर लावला. चौथ्या रिंगला तिने उचलला. "बोल दादा. आई बरी आहे ना?"

बरी आहे, म्हटलं. मग जे त्या दिवशी दुकानात कुणी कुणाला विचारलं नव्हतं ते विचारलं. "आता तुझ्याजवळ कोण आहे का? असलं तर बाजूला जा. मी थांबतो."

ती चालत गेल्याचं ऐकू आलं. एक दार लागलं. मग मी सांगायला लागलो.