रस्त्यापलीकडून ऐकलेलं मेंडोलिन

ही गोष्ट मी बरीच वर्षं टाळली. कुणी आमच्या थोरल्या साडूंचा विषय काढला, की मी त्यांचे दोन-चार किस्से सांगून मंडळींना हसवायचो आणि मेंडोलिनपाशी आलो की पाणी प्यायला उठायचो. आता उठायला आधार लागतो, म्हणून बसल्या जागी सांगून टाकतो.

साडूंइतका संशयी माणूस माजलगाव तालुक्यात दुसरा झाला नाही, आणि झाला असेल तर त्यानं ते साडूंना पटवून दाखवावं. दूध ते समोर काढून घ्यायचे आणि तरीही गवळ्याला विचारायचे, "हिनं सकाळी पाणी लई पेलंय का?" म्हणजे संशय गवळ्यावर नव्हता, म्हशीवर होता. दिंद्रुडला बीडची एसटी आली की आधी पाटी वाचायचे, मग कंडक्टरला विचारायचे, मग ड्रायव्हरला. दोघांचं उत्तर एकच आलं की पुटपुटायचे, "ठरवून बोलत्यात." शेवटी माझ्याकडे वळायचे. "गुरुजी, बीडचीच हाय ना?" मी हो म्हटलं की चढायचे. मी शाळामास्तर, त्यात धाकटा साडू. या दोन्हींपैकी कशामुळे ते माझ्यावर विश्वास ठेवायचे, मला कधी कळलं नाही.

गावच्या भजनी मंडळात मुख्य गळा त्यांचा, मी मागे पेटीवर. मग घशात गाठ निघाली. तपासणाऱ्या डॉक्टरांनाच त्यांनी सांगितलं, "आदी तुमी आ करा. चांगला घसा कसा असतो ते गुरुजींना बघू द्या." ऑपरेशन नीट झालं, पण आवाज गेला, नुसती कुजबुज उरली. मंडळात त्यांच्या जागी मी गाऊ लागलो. लोक ऐकू लागले. खरं सांगतो, मला ती जागा आवडली.

वर्षभरानं साडू घरी आले आणि कानाशी लागून म्हणाले, "गळा गेला गुरुजी, बोटं हायेत. तरुणपणी मेंडोलिन वाजवायचो. बीडला चला. मला परत मंडळात बसायचंय."

दुकानात त्यांनी आधी टरबुजाच्या फोडीसारख्या पाठीचं मेंडोलिन मांडीवर घेतलं आणि लगेच परत दिलं. "ह्याचं पोट माज्या पोटावरून घसरतंय." सपाट पाठीची दोन उरली. एक थेंबाच्या आकाराचं, मधोमध लंबगोल भोक असलेलं. दुसऱ्याच्या खांद्याला शिंगासारखा वळसा आणि भोकाच्या जागी दोन्ही बाजूंना वळणदार चिरा. लंबगोल भोकात त्यांनी मोबाइलचा टॉर्च मारला. आतलं सगळं स्वच्छ दिसलं, म्हणून संशय वाढला. "इतकं मोकळं कावून ठेवलंय?" चिरांमधून काहीच दिसेना, तर म्हणाले, "हे डोळे बारीक करून आपल्यालाच बघतंय."

दुकानदार म्हणाला, "काका, बघून काय कळणार? वाजवून घ्या."

"वाजिवणाऱ्याला खरा आवाज कळत न्हाई," साडू म्हणाले. "समोरच्याला कळतो. गुरुजी, तुमी रस्त्यापलीकडं जा. मी दोन्ही वाजिवतो. चांगल्याला हात वर करा."

मी पलीकडे चहाच्या गाड्यापाशी उभा राहिलो. साडूंनी दुकानाच्या पायरीवर बसून लंबगोल भोकाचं छेडलं. रिक्षांच्या गोंगाटातून जो आवाज आला, तो गोल होता, भरीव होता, शेवटाला किंचित रेंगाळणारा होता. साडू अभंगाची ओळ सोडताना तसेच रेंगाळायचे. चहावाल्यानं गाळणी हातात तशीच धरून तिकडे पाहिलं. हे मंडळात आलं तर माझं कोण ऐकणार?

मग त्यांनी चिरांचं वाजवलं. टणक, धारदार आवाज. वाईट नव्हता, पण त्यांचा नव्हता.

मी हात वर केला.

"पहिल्याला काय झालं?" परतल्यावर त्यांनी विचारलं.

"घोगरं वाटलं, भाऊ."

त्यांचा हात गळ्याकडे गेला. त्यांनी चिरांचं घेतलं.

मंडळात ते टाळांच्या आवाजातही वेगळं टोचायचं. लोक म्हणाले, काका, जरा हळू. साडूंनी तारा बदलल्या, तारा छेडायच्या नख्या बदलल्या. हळूहळू येणंच बंद झालं. "दुकानदारानं बांधताना बदलून दिलं," असं ते सगळ्यांना सांगायचे. दुकानदारावर, तारांवर, हवेवर, स्वतःच्या बोटांवर त्यांनी संशय घेतला. मी तेवढा राहिलो.

शेवटच्या दुखण्यात ते बीडला लेकीकडे होते. दिंद्रुडहून निघालो तेव्हा एसटीत मी एकच वाक्य घोकत होतो. त्यांनी मला बघून बाकीच्यांना खुणेनं खोलीबाहेर घालवलं. उशालगतची गोळ्यांची पट्टी माझ्या हातात दिली. "तारीक बघा." मी बघितली, बरोबर आहे म्हणालो, आणि त्यांनी गोळी न बघता तोंडात टाकली.

मग म्हणाले, "गुरुजी, खरं सांगा. बदलूनच दिलं असंल ना त्यानं?"

"असंल, भाऊ," मी म्हणालो.

त्यांनी समाधानानं डोळे मिटले. मी बराच वेळ त्यांचा हात धरून बसलो. ते वाक्य परतीच्या एसटीत माझ्याबरोबरच आलं, आणि आजही पाठच आहे: भाऊ, पहिलंच चांगलं होतं. ते तुमच्यासारखं गात होतं. माझं चुकलं.