यमीचा आठवा दिवस

"पोर दारातून हलणार नाय," गोमाबाबा ओट्यावरून म्हणाला. "देवी बसलीय घरात. मंगलवारी तिची पाठवणी. तवर आतलं मानूस भायेर नाय, भायेरचं आत नाय."

शनिवारची सकाळ होती. डोंबिवलीच्या खाडीकाठच्या पाड्यात, गोमाबाबाच्या अंगणात मी पिशवी घेऊन उभा होतो. दारावर कडुलिंबाच्या डहाळ्या बांधलेल्या होत्या. आत उंबऱ्याशी पाच वर्षांची यमी बसली होती. तिच्या डाव्या दंडावर दोन टपोरे, स्वच्छ फोड आले होते. असे फोड माझ्या कामात क्वचित पाहायला मिळतात. आणि ते त्याच दिवशी मला मानपाड्याला हवे होते.

हे नीट सांगायला हवं. मी तेव्हा कल्याण तालुक्यात व्हॅक्सिनेटर होतो. लोक 'देवीवाला' म्हणत. देवीचा रोग येऊ नये म्हणून पोरांच्या दंडावर लॅन्सेटने, म्हणजे बारीक टोकाच्या सुरीने, ओरखडा काढून लस लावायची, एवढंच माझं काम. अवघड होतं ते लस राखणं. ती काचेच्या नळीत ठेवली तर आपल्याकडच्या हवेत लवकर बिघडते. म्हणून ती पोराच्या अंगावरूनच पुढे न्यावी लागते. आज एका पोराला टोचायचं. आठव्या दिवशी त्याच्या फोडात स्वच्छ पाण्यासारखी लस भरते. त्या दिवशी त्या पोराला पुढच्या गावी न्यायचं आणि त्याच्या दंडावरून तिथल्या पोरांना टोचायचं. नवव्या-दहाव्या दिवशी फोड गढूळ होतो, मग तो कामाचा नाही. साखळी तुटली की ठाण्याहून नवी लस येईपर्यंत महिना जातो. मानपाड्याच्या शेजारच्या वस्तीत त्या वेळी खरी देवी निघाली होती. महिना थांबण्यासारखी स्थिती नव्हती.

बहुतेक वेळा मूल आईच्या कडेवर येतं. यमीची आई काशी येईल असं आठ दिवसांपूर्वी ठरलं होतं. पण लोकांच्या मनात टोचलेली देवी आणि आलेली देवी यात फरक नसतो. फोड दिसल्याबरोबर गोमाबाबाने डहाळ्या बांधल्या, चुलीवरची फोडणी बंद केली, आणि घर मिटलं. हे मला आधी सुचायला हवं होतं. मी स्वतः ठाण्याकडच्या मिठागरावरचा. आमच्या घरीही हेच झालं असतं. पण दोन टर्म कॉलेजात काढल्यावर माणसाला वाटू लागतं की आपण समजावलं म्हणजे लोकांना समजलं.

"बाबा, मी उचलून नेतो तिला," मी म्हटलं. "संध्याकाळच्या आत आणून सोडतो."

"तू घरचा हायस का?"

 बाबाने काही वाईट हेतूने विचारलं नव्हतं. पण ते मला लागलं, आणि का लागलं तेही इथे सांगून टाकतो.

त्या घरी मी पाच-सहा वेळा गेलो होतो. यमीला टोचू द्या म्हणून विनवायला. माझ्या कामात सगळीकडे मान मिळे. बसायला पाट देत, पण शेजारी कोणी बसत नसे. कल्याणला मी एका देवळामागच्या खोलीत एकटा राहत होतो. वडील गेल्यामुळे कॉलेज अर्धवट सुटलेलं, पुस्तकं तेवढी बरोबर आणलेली. कॉलेजात माझ्या बोलण्याला हसत. गावात माझ्या बोलण्याला गप्प बसत. असं असताना एकदा काशी तांदूळ निवडता निवडता म्हणाली, "कालेजात शिकवतात तरी काय?" तोवर हे मला कोणीच विचारलं नव्हतं. माझ्या आईनेही नाही. मी बराच वेळ बोललो. ती ऐकत होती. मधेच म्हणाली, "मंग हे समदं सोडून पोरांचे दंड कशापायी धरतोस?" आणि हसली.

काशीचा नवरा पाच वर्षं बेपत्ता होता, हे सगळ्या पाड्याला ठाऊक होतं. तो घरजावई होता. सासऱ्याशी, म्हणजे गोमाबाबाशी, भांडण झालं आणि काशीला सातवा महिना असताना तो घर सोडून गेला. आमच्या लोकांत टाकलेल्या बाईचा पाट लावतात, म्हणजे दुसरं लग्न करून देतात. त्यात कोणाला वावगं वाटत नाही. मी कोणाशी काही बोललो नव्हतो. पण यमीला टोचलं त्या दिवशी रजिस्टरात 'बापाचं नाव' असा रकाना आला. मी काशीला विचारलं. तिने मान खाली घातली आणि यमीच्या दंडावरची माशी हाकलली. बाबा तेव्हा खाडीवर गेला होता. मी पुन्हा विचारलं नाही. रकाना तसाच ठेवला. त्या रात्री खोलीत तो रिकामा रकाना दोनदा उघडून पाहिला, हे खरं आहे.

आता त्या अंगणात आणखी एक माणूस होता. चिंचेखाली उकिडवा बसलेला. दाढी वाढलेली, पायांना भेगा. मी आलो तेव्हा त्याने उठून रामराम केला होता.

"हा कोण?" मी बाबाला विचारलं.

"कोन नाय," बाबा म्हणाला. "बुधवारपासून बसलाय. उठ म्हनलं तर उठत नाय."

"मी राघो," तो माणूस म्हणाला. "यमीचा..."

तीन दिवस तो तिथे बसून होता. दूर कुठे पुलाच्या कामावर होता, तिथून चालत आला होता. आला तर दारावर कडुलिंब. त्याने डहाळ्या पाहिल्या आणि अंगणातच थांबला. हाक मारली तेव्हा बाबा आतून म्हणाला, "भायेरचा हायेस, भायेर ऱ्हा." मुलगी पंधरा हातांवर, आणि त्याने तिला अजून जवळून पाहिलेलंही नव्हतं.

ओट्याच्या कडेवर, घरच्यांची हद्द संपते तिथे, एक पालथी थाळी होती. मी पाहतोय हे लक्षात आल्यावर बाबा म्हणाला, "कुत्र्याला ठेवते काशी."

"बाबा, कुत्र्यानं थाळी धुवून पालथी घातली?" मी म्हटलं.

आतून बांगड्या वाजल्या. राघो जमिनीकडे पाहत राहिला.

 ऊन चढत होतं. माझ्यापुढची अडचण अशी होती: घरात असलेलं माणूस बाहेर पडू शकत नव्हतं, आणि बाहेरच्या माणसाने मुलीला शिवायचं नव्हतं. म्हणजे घरचं, पण देवी बसली तेव्हा घराबाहेर असलेलं माणूस हवं होतं. कॉलेजात आम्हाला तर्कशास्त्राचे थोडे धडे झाले होते. ते मला पहिल्यांदाच उपयोगी पडत होते, आणि पडू नयेत असं वाटत होतं. असा माणूस जगात एकच होता आणि तो चिंचेखाली बसला होता.

मला वाटतं, मी गप्प राहिलो असतो तर बाबाने त्याला मंगळवारी हाकलून दिलं असतं. पण मानपाड्यात सात पोरं माझी वाट पाहत होती.

"बाबा," मी म्हटलं, "देवीला जायचं असलं तर तिला कोणी अडवतं का?"

"तिला कोन अडवनार?"

"मग यमीच्या अंगावर बसून ती मानपाड्याला जाईल. तिथल्या पोरांना हात लावून परत येईल. तिला नेणारा घरचाच हवा, आणि आतला नको. असा एक आहे."

बाबाला कळलं. त्याने चिंचेकडे पाहिलंसुद्धा नाही.

"तो घरचा नाय."

"यमी कोणाची?"

 आतून काशीचा आवाज आला. ती मला उद्देशून बोलली, पण सगळ्यांना ऐकू जाईल असं. "देवीवाले, पोरीचं नाव तुमच्या बुकात लिवलंय ना? मंग तिच्या बापाचं बी लिवा. कोनी सांगत नसंल तर मी शेजारच्या म्हातारीला हाक मारते. मला काय घेता येतं होय ते नाव?"

तेव्हा मला उमगलं. त्या दिवशी ती गप्प बसली ती बायका नवऱ्याचं नाव घेत नाहीत म्हणून. एवढंच. माझी आई जन्मभर माझ्या वडिलांना 'मिठागरावरचे' म्हणत आली. मी त्या घरात वाढलो, आणि तरी काशीच्या गप्प बसण्याचा मला हवा तो अर्थ लावला.

मी रजिस्टर उघडलं. दौत खोलीवर राहिली होती, म्हणून पेन्सिल काढली आणि बाबाकडे पाहिलं. म्हाताऱ्याने खूप वेळ लावला. शेवटी म्हणाला, "लिव. राघो धाकू."

मी लिहिलं.

राघो ओट्यापाशी आला. यमीने त्याला पायापासून डोक्यापर्यंत पाहिलं आणि म्हणाली, "याचा खांदा उंच हाय. मी बसतंय." तो वाकला तेव्हा आतून एक घोंगडी त्याच्या पुढ्यात येऊन पडली. जुनी, पण झटकून, ऊन देऊन ठेवलेली. एका कोपऱ्याला निळ्या दोऱ्याचा टाका होता. त्याने तो टाका बोटाने चाचपला.

"ही तर माजी," तो म्हणाला.

"पोरीला गार लागंल," आतून काशी म्हणाली. "म्हनून दिलीय. दुसरं काय समजू नको."

आम्ही निघालो. मी पुढे, मागे तो, त्याच्या खांद्यावर यमी. डाव्या दंडाला धक्का लागू नये म्हणून तो मान एका बाजूला कलती धरून चालत होता. शेतं कापून झाली होती.  अर्ध्या वाटेवर यमीने मला विचारलं, "देवीवाले, ह्यो कोन?"

मी थांबलो. सांगणं माझ्या हातात होतं. "त्यालाच विचार," मी म्हटलं.

"तू कोन रे?"

"मी..." राघो म्हणाला, " ज्यानं तुला बगितलंच नाय, तो."

"कवाच नाय?"

"कवाच नाय."

"मंग बग ना आता," यमी म्हणाली.

तो तिथेच थांबला. तिला खाली, बांधावर बसवलं आणि समोर बसून तिच्याकडे पाहू लागला. यमी चेहरा अगदी ताठ धरून बसली, मोजमाप देत असल्यासारखी. मग म्हणाली, "झालं?"

"नाय अजून."

"उशीर होईल. मानपाड्याची पोरं रडत बसली असतील."

मी पाठ फिरवली आणि थोडा पुढे जाऊन उभा राहिलो. वाटेत उभं राहून करायला मला काही नव्हतं. मी लॅन्सेट पुसला, तो आधीच स्वच्छ होता.

मानपाड्यात वडाच्या पारावर आयाबाया जमल्या होत्या. फोड उघडताना पोराला घट्ट धरावं लागतं. मी राघोला धरायला सांगितलं. पुलाच्या कामावर लोखंड उचलणाऱ्या हातांनी त्याने तिला मांडीवर घट्ट धरलं. यमीने त्याचा अंगठा तोंडात घेऊन कचकन चावला, पण रडली नाही. लस सुंदर आली. सातही पोरांना पुरली.

एक बाई म्हणाली, "पोरगी धीराची हाय. बापावर गेलीय का?"

राघो आपल्या अंगठ्यावरचे दातांचे वण पाहत म्हणाला, "नाय. आईवर."

उन्हं कलायच्या आत आम्ही परत पोचलो. गोमाबाबा ओट्यावर वाट पाहत होता. राघोने यमीला खांद्यावरून उतरवायला हात वर केले, अंगणातच.

"हितं उतरवतोस?" बाबा म्हणाला.

"मंग?"

"देवीला घेऊन आलायस. तिला दारात उभी करशील का? आत ने."

राघो उंबऱ्यापाशी थांबला. यमीने टाचेने त्याच्या छातीवर मारलं, घोड्याला मारतात तसं. तो वाकून डहाळ्यांखालून आत गेला.

बाबा त्याच्यामागे गेला आणि मोठ्याने म्हणाला, "आत आलास. आता मंगलवारपावतर भायेर जायाचं नाय, ध्यानात ठेव."

आणि आतल्या अंधारातून काशी म्हणाली, "मंगलवारनंतर बी नाय."

ती हसत होती का रडत होती, बाहेरून कळलं नाही. मला पाणी द्यायचं कोणाच्या लक्षात आलं नाही, आणि ते बरोबरच होतं. मी चिंचेखाली टेकवलेली पिशवी उचलली. राघो तीन दिवस बसला होता तिथलं गवत दबलेलं होतं. मी कल्याणची वाट धरली.

रजिस्टरातलं ते नाव पुढचे चार दिवस पेन्सिलीतच राहिलं. शाई होती. वेळही होता. बुधवारी आमचे इन्स्पेक्टर भाऊसाहेब तपासणीला आले. त्यांनी बोट ठेवलं.

"मानपाड्याचं काम उत्तम. सातपैकी सातही लागू पडतील असं दिसतंय. हे नाव मात्र पेन्सिलीत का?"

"त्या दिवशी मिळालं नव्हतं."

"टोचण्याच्या दिवशी?"

"हो. आईला विचारलं होतं."

भाऊसाहेबांनी चष्म्यावरून माझ्याकडे पाहिलं. "अहो, तुम्ही इथलेच ना? ती कसं सांगेल?"

"चूक झाली," मी म्हटलं.

"शाईनं करा."

त्यांच्यासमोरच मी दौत उघडली आणि पेन्सिलीच्या अक्षरांवरून सावकाश टाक फिरवला. राघो धाकू. अक्षर चांगलं आलं.

पुढच्या वर्षी मी पुन्हा कॉलेजात दाखल झालो. माझ्या जागी आलेल्या नव्या माणसाला काम समजावताना लॅन्सेट कसा धरायचा ते सांगितलं, फोड कधी उघडायचा ते सांगितलं. आणि हेही सांगितलं की बापाचं नाव आईला विचारू नये. शेजारणीला विचारावं, पहिल्याच दिवशी, आणि दौत बरोबर ठेवावी.