साडेसहा फूट जागा

"माका जाळू नको," आई म्हणाली. ती विळीवर नीरफणस कापत होती आणि मी चहात उंडो पाव बुडवून खात होतो. तिला ताप नव्हता, खोकला नव्हता. तरी वर न बघता तिने पुढे सांगितले, "मातयेत ठेय. कर्णो वाजलो की माका उठाक व्हया."

मी लगेच हो म्हटले नाही. पाळता येईल की नाही हे तपासल्याशिवाय मी कोणालाही वचन देत नाही, आईला तर नाहीच. "बघतंय," म्हणालो. तिला ते आवडले नाही, पण माझी सवय तिला ठाऊक होती.

आम्ही तेव्हा डिचोलीत राहायचो. खनिजाच्या ट्रकांच्या फेऱ्यांचा हिशेब ठेवणे ही माझी नोकरी. आई हळर्णचे घर माझ्या थोरल्या भावाकडे ठेवून माझ्याकडे आली, माझ्या बायकोबरोबर रविवारच्या प्रार्थनेला जाऊ लागली आणि ख्रिस्ती विश्वासात आली. मी तिच्यानंतर वर्षभराने, पुष्कळ प्रश्न विचारून. भाड्याच्या एका हॉलमध्ये आम्ही वीसेक माणसे जमायचो. सभा चालवणारे आमचे पाळक हरमलचे. आधी मासेमारीच्या होडीवर जायचे, आता पर्यटकांना दोन खोल्या भाड्याने देतात. शास्त्र, म्हणजे बायबल, ते मराठीतून वाचत आणि समजावत मात्र हरमलच्या बोलीत.

त्या वर्षी त्यांनी शास्त्राचे अगदी शेवटचे पुस्तक घेतले होते. कर्णे वाजतील, मेलेले उठतील, सिंहासनापुढे लहानथोर सगळे उभे राहतील, पुस्तके उघडली जातील, आणि ज्यांनी शेवटपर्यंत धरून ठेवले ते पांढऱ्या वस्त्रांत जिंकलेले दिसतील. मी त्यातले आकडे मांडत बसायचो. आईला आकड्यांशी कर्तव्य नव्हते. तिने जन्मभर भाटकाराच्या, म्हणजे जमीनदाराच्या, शेतात लावणी केली होती, त्यामुळे तिचा प्रश्न वेगळा होता.

"भाटकारपण उबो रवतलो?" तिने एकदा भर सभेत विचारले.

"रवतलो," पाळक म्हणाले.

"तेका खुर्ची?"

"खुर्ची थय एकच आसा, आये. ती भाटकाराची न्हंय."

सगळी सभा हसली. आई हसली नाही. तिने मान डोलावली, जणू एका जुन्या कामाची मजुरी ठरली. तेव्हापासून त्या दिवशी आपण हजर असायलाच हवे, हे तिने मनाशी पक्के केले. आणि हजर राहायचे तर शरीर हवे, आणि शरीर हवे तर जाळून चालणार नाही, हा तिचा सरळ हिशेब होता. मला त्यात चूक सापडेना.

म्हणून मी जागा शोधायला निघालो. कॅथलिक चर्चच्या पाद्रींनी मला बसायला खुर्ची दिली, पाणी दिले आणि खरे ते सांगितले. दफनभूमी त्यांच्या पॅरिशच्या, त्या चर्चच्या सभासदांची; त्यांनाच पुरत नाही, काही वर्षांनी जुनी हाडे काढून नव्याला जागा करावी लागते. पंचायतीतला एक ओळखीचा म्हणाला, "मसणात खणूक लागलंस तर गाव जमतलो. लेखी मागू नको, लेखी 'नाय'च मिळतला." राहिले हळर्णचे आमचे भाट, घरालगतची काजूची बाग. ते दोघा भावांच्या नावावर. दिवाळी झाल्यावर मी तिथे गेलो आणि एका काजूखाली टेप लावला. साडेसहा फूट लांब, अडीच फूट रुंद.

दादा मागे येऊन उभा राहिला. "कोणाचा माप घेतंस?"

"आयेचा."

"ती जिती आसा रे!"

"म्हणानच आता इचारतंय."

मी त्याला सगळे सांगितले. तो ऐकत गेला आणि त्याच्या मिशीखाली हसू जमत गेले. "म्हणजे उठताना कमर धरू नये म्हणान आयेक आडवी निजवन ठेवूची, आनी कर्णो वाजलो की हाक मारूची? तुमच्या देवान तुका हिशेब शिकयलो, लाज नाय शिकयली?" मग हसू गेले. "आयक. मी थोरलो. आग मी दिवची. आयेक मी खांद्यार घेवन जातलंय, पण खड्ड्यात घालूचंय नाय."

"तुझो हक्क माका कबूल आसा," मी म्हणालो. "पण इच्छा तिची आसा."

तो घरात गेला आणि कुदळ घेऊन आला. मला वाटले, आता भांडण होणार. त्याने मी आखलेल्या जागेवरच खणायला सुरुवात केली. मी हात लावायला गेलो तर "रव" म्हणाला. खड्डा कमरेइतका झाला आणि तळाशी पाणी झिरपू लागले. नदी जवळ, पावसाळा संपून फार दिवस झाले नव्हते. आम्ही दोघेही त्या पाण्याकडे बघत राहिलो.

"हय ठेवतलंस तिका?" दादाने विचारले. आवाजात टोमणा नव्हता.

घरी येऊन मी आईला जसेच्या तसे सांगितले. तिने एवढेच म्हटले, "म्हणजे नाय."

"नाय, आये."

त्यानंतर तिचे जेवण कमी झाले. चुलीपाशी ती गीते गुणगुणायची, ते थांबले. रविवारी पुढची जागा सोडून ती शेवटच्या रांगेत बसली, जणू तिला आता आमंत्रण नव्हते. मी तिला फसवले नव्हते, पण त्याचा तिला काय उपयोग? रात्रीचे जेवण झाले की आम्ही दोघे एकमेकांची नजर चुकवून उठायचो.

बायकोने पाळकांना कळवले असावे. ते मोटरसायकलवरून बांगडे माशांची पिशवी घेऊन आले आणि पायरीवर बसले. आई बांगडे साफ करायला घेऊन बसली.

"आये, खय दुखता?"

"दुखणा नाय. माका जाळतले. जळलेला माणूस उठतला कसा?"

पाळकांनी विचारले, "माझ्या बापाशीक खय पुरलो, ठाऊक आसा तुका?"

"खय?"

"खयच नाय. मी ल्हान आसताना तो होडी घेवन गेलो. होडी गावली, तो गावलो नाय. आता इतक्या वर्सांत माशांनी काय ठेवलां आसतला तेचा?"

आईने हातातल्या बांगड्याकडे पाहिले आणि तो हळूच खाली ठेवला.

"असां बघू नको गो तेच्याकडे, कालच पकडलेलो आसा!" पाळक हसले. मग त्यांनी पिशवीतून शास्त्र काढले, शेवटचे पुस्तक उघडले आणि वाचून दाखवले की त्या दिवशी समुद्रसुद्धा आपल्यातले मेलेले परत देईल. "माझी आवय ह्याच एका वळीर जगली. देवाक दर्यातसून माझो बापूस गावतलो, तर मूठभर राख गावाची नाय?"

आईने माझ्याकडे बोट करून विचारले, "आनी ह्येचो बापूस? तेंका आमी जाळलां. तेव्हा आमकां ह्यातला काय्येक ठाऊक नाय होतां."

तेव्हा कुठे मला कळले की इतके दिवस मी एका माणसासाठी जागा शोधत होतो आणि ती दोघांचा विचार करत होती.

पाळक म्हणाले, "तोय उबो रवतलो. सगळे रवतले."

"आनी मगे?"

"मगे निवाडो. तो माझ्या हातात नाय, तुझ्याय नाय. ज्येच्या हातात आसा, तो खोटा माप घालणारो न्हंय."

"पण उबो रवतलो मां? म्हणजे दिसतलो."

"दिसतलो."

आईने बांगडा पुन्हा हातात घेतला. "मगे जाळा माका. पण लाकडां सुकी घाला. तेंच्या वेळार नुसतो धूर जालेलो." आणि आत बघून ओरडली, "चाय ठेय गो, पाळक कधीचे बसलेत!"

पाळक गेल्यावर मी दादाला फोन केला. "दादा, आये म्हणता, जाळा."

पलीकडून घाबरा आवाज. "आता?"

"आता न्हंय रे! वेळ येतली तेव्हा."

"मेल्या, जीव घेतंस!" तो म्हणाला, आणि मग बराच वेळ हसत राहिला. "तिका पाठय हय चार दिस. मी खड्डो भरून घेतंय."

आई त्यानंतर तीन वर्षे जगली, गात आणि सगळ्यांना कामे सांगत. ती गेली तेव्हा तिला हळर्णलाच नेले. लाकडे सुकी होती. दादाने एकेक हातात घेऊन पाहिले होते. पाळकांनी प्रार्थना केली, आम्ही तिचे आवडते विजयाचे गीत म्हटले. गावकरी थोडे लांब उभे राहिले, पण कोणी निघून गेले नाही. दादाने आग दिली आणि रीतीप्रमाणे मडके फोडले. ते मी थांबवले नाही. आमचे गाणे त्याने थांबवले नव्हते.

परत निघताना तो मागेच राहिला. बघतो तर खाली बसून फुटलेल्या मडक्याची खापरे वेचत होता.

"रवांदे रे, दादा."

"हयसूनच उठतली म्हणतास मां?"

"हां."

"अनवाणी?"

मी विचार केला. "शास्त्रात चपलांचा काय नाय."

"मगे!" म्हणून तो पुन्हा वेचू लागला. मी त्याच्या बाजूला बसलो आणि माझ्या हाताशी येणारी खापरे गोळा करू लागलो.